वहिनींची गोळी आणि भाऊजींचं कपाट

किनाऱ्यावरच्या माणसांची ने-आण करणारी गाडी कितीही झाडा, सीटखाली चिमूटभर वाळू निघतेच. किश्श्यांचंही तसंच आहे. एक सांगून मोकळं व्हावं, तर त्याच्याखाली दुसरा बसलेला असतो. मित्र मला विचारतात, तू तर कधी तोंड उघडत नाहीस, मग एवढं सगळं तुला कळतं कसं? अरे, तोंड उघडत नाही म्हणूनच कळतं. पुढे बघून गाडी चालवणाऱ्यालाही कान असतात, हे मागे बसलेल्यांच्या लक्षातच राहत नाही.

माझी व्हॅन बोर्ली पंचतनवरून मुंबईला पेशंट घेऊन जाते. नववीत शाळा सोडली, लायसनचं वय झालं तसा स्टीअरिंगवर बसलो, तो अजून बसलोय. माझी दोन गिऱ्हाइकं कायमची. आमच्याच गावच्या सुनंदावहिनी आणि बोर्लीतल्या हलीमाखाला. वहिनी चाळिशीतल्या, भातशेतीच्या घरातल्या. खाला साठीच्या पुढच्या, दोन्ही मुलगे आखातात. दोघींना छातीचा कॅन्सर झाला, दोघींचं ऑपरेशन झालं, किमो झाली. आता उरली ती रोजची एक हार्मोनची गोळी. ती वर्षानुवर्षं घ्यायची, आणि दर काही महिन्यांनी मुंबईला दाखवून यायचं.

लोकांना वाटतं, अशी गाडी म्हणजे मयताला निघालेली गाडी. एकदा वडखळला चहावाल्याने मला विचारलं, "वऱ्हाड कुठलं?" मागून हसण्याचा आवाजच तसा येत होता. मी नुसती मान हलवली. कुठे समजावत बसणार?

* * *

पहिली खेप मला चांगली आठवते. वहिनींना गाठ लागली होती, पण आमच्याकडे त्या जागेचं नाव घ्यायची पद्धत नाही. बायका "इथे" म्हणून पदर सावरतात. पुरुष तर "इथे"सुद्धा म्हणत नाहीत.

गाडी ठरवायला आले वहिनींचे दीर, सुहासभाऊजी. रोह्याकडे एका केमिकल कंपनीत सुपरवायझर, त्यामुळे घरातलं सगळं सायन्स त्यांच्या ताब्यात. वहिनींचे मालक, गावच्या नात्याने आमचा दादा, मुंबईला नोकरीला. फोनवर त्याचं एकच वाक्य असतं, "सुहासला विचार, तो शिकलेला आहे."

तर भाऊजी मला म्हणाले, "नितेश, वहिनीच्या पोटाचं जरा दाखवायचंय." मुंबईला हॉस्पिटलच्या गेटवरच्या सिक्युरिटीलाही त्यांनी पोटच सांगितलं. सिक्युरिटीने आम्हाला पोटाच्या लायनीत उभं केलं. अर्धा दिवस त्या लायनीत गेला. आत गेल्यावर डॉक्टरांनी वहिनींचं पोट चारी बाजूंनी दाबून बघितलं आणि बुचकळ्यात पडले. "पोट तर छान आहे. तक्रार काय आहे?"

भाऊजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. मी पिशवी धरून दाराशी उभा होतो, मी माझ्या चपला वाचायला लागलो. शेवटी वहिनीच बोलल्या.

"डॉक्टर, आमच्या घरात बाईला छाती नसते. पोट असतं आणि दोन हात असतात. म्हणून इथे पाठवलंय."

* * *

ऑपरेशन, किमो सगळं पार पडलं आणि गोळीचा दिवस आला. तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण, बोलायला एकदम मोकळ्या. गोळीचं समजावून सांगताना सोबतीचं माणूस पाहिजे म्हणाल्या. भाऊजी फोनवर बोलायला बाहेर गेलेले. अशा वेळी नेमका त्यांना फोन येतो. मग मला आत बोलावलं. मी फरशीवर नजर लावून बसलो. त्या फरशीला कोपऱ्यात एक तडा आहे, तो मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन.

मॅडम म्हणाल्या, प्रत्येकीचा कॅन्सर सारखा नसतो. वहिनींच्या कॅन्सरच्या पेशींवर हार्मोनला बसायच्या जागा आहेत. बाईच्या अंगातलं हार्मोन तिथे येऊन बसलं की पेशीला हुकूम मिळतो, वाढ. ऑपरेशन झालं तरी एखादी पेशी कुठेतरी दडून राहिलेली असू शकते, तिला हा हुकूम मिळता कामा नये. म्हणून ही गोळी आधीच जाऊन त्या जागा अडवते. मग हार्मोन आलं तरी त्याला बसायला मिळत नाही, आणि पेशी गप्प राहते.

वहिनींनी थोडा विचार केला. "म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तसं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. हसून झाल्यावर म्हणाल्या, "अगदी तसंच. फक्त हा रुमाल रोज टाकायचा. सुट्टी नाही."

खालांची गोळी वेगळी होती. पाळी गेलेल्या बाईच्या अंगातही हार्मोन थोडंफार तयार होतं, चरबीत वगैरे. त्यांची गोळी ते तयारच होऊ देत नाही. परतीच्या वाटेवर वहिनींनी खालांना हे सगळं समजावलं, रुमालासकट.

खाला म्हणाल्या, "म्हंजे माझ्यात रुमालाचं कामच न्हाय. पॅसेंजर घरातनं निघतच न्हाय."

"तुमची गाडीच रद्द," वहिनी म्हणाल्या.

"गाडी रद्द, मग माझे सांधे का गो दुखतात? खड्डे कुठनं लागतात मला?"

आम्ही तेव्हा मुंबई-गोवा हायवेवर होतो.

* * *

आमच्याकडे शेजारधर्म मोठा. कोणाकडे पाहुणे आले की साखर जाते, कोणाचं दही बिघडलं की विरजण जातं. वाटी रिकामी परत येत नाही, आणि देताना कोणी चौकशी करत नाही.

एका पावसाळ्यात म्हसळ्याच्या घाटात दरड आली, मुंबईची तारीख चुकली आणि वहिनींच्या गोळ्या संपल्या. बोर्लीचा मेडिकलवाला रोज म्हणायचा, उद्या येतील. त्याचा उद्या काही उजाडेना. हे खालांच्या कानावर गेलं. त्यांनी आपल्या डब्यातली एक पट्टी काढून माझ्या हातात ठेवली. "सुनंदाला नेऊन दे. तिची पण हार्मोनची, माझी पण हार्मोनची."

मला ते पटलं. वहिनींनाही पटलं. भाऊजींनी पट्टी उलटीपालटी करून बघितली, वरचं इंग्रजी मोठ्याने वाचलं आणि तेही म्हणाले, चालेल.

रस्ता सुरू झाल्यावर आम्ही मुंबईला गेलो आणि वहिनींनी मॅडमना कौतुकाने सांगितलं की, गोळी एक दिवस चुकवली नाही हो, खालांची घेतली. मॅडमचा चेहरा असा झाला, की मी पुन्हा त्या फरशीच्या तड्याकडे वळलो.

मॅडम म्हणाल्या, वहिनींची पाळी अजून चालू आहे, बीजकोश काम करतायत. खालांच्या गोळीला बीजकोश दाद देत नाहीत. उलट ते आणखी जोरात काम करायला लागतात. म्हणजे सीटवरचा रुमाल काढून घेतला आणि वर जादा गाड्या सोडल्या. नशीब एवढंच, की वहिनींची नेहमीची गोळी अंगातून सावकाश जाते, त्यामुळे थोड्या दिवसांत काही बिघडलं नाही. पुन्हा असं कराल तर दोघींनाही बाहेर बाकावर बसवून ठेवीन, म्हणाल्या.

खाला खाली मान घालून ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, चुकलं. मी इरजण समजून दिलं."

* * *

आता जरा वेगळा किस्सा. यात आम्ही हसलो, पण उशिरा हसलो.

एका खेपेला खालांच्या कंबरेत दुखत होतं. सांध्यांचं नेहमीचंच असेल म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. मॅडमनी स्कॅन काढला. हाडात कॅन्सर परत आला होता.

खालांनी विचारलं, "मी तर एक गोळी चुकवली न्हाय. मग?"

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, तुमची काही चूक नाही. गोळीने इतकी वर्षं त्या पेशींना उपाशी ठेवलं. बऱ्याच गप्प बसल्या असतील, बऱ्याच मेल्याही असतील. पण काही पेशी हळूहळू बदलतात. हार्मोन मिळो न मिळो, स्वतःच स्वतःला वाढायचा हुकूम द्यायला शिकतात.

खालांनी डोक्यावरची ओढणी नीट केली. "माझ्या थोरल्या सुनेसारख्या निघाल्या. कोठीची चावी काढून घेतली, तर तिने अंगणात वेगळी चूल मांडली."

मॅडमना हसावं की नाही कळेना. त्या म्हणाल्या, त्या चुलीसाठी दुसरं औषध आहे, इंजेक्शन आणि वेगळी गोळी. आजार पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही, पण पुष्कळ दिवस दाबून ठेवता येतो.

परतताना पेण आलं. मी आरशातून खालांकडे सारखा बघत होतो.

"नितेश," खाला म्हणाल्या, "आरशातनं बघायचं बंद कर. मी अजून बसलेली हाय. आणि वडापाव कुठे चांगला मिळतो तिथे थांब. मेल्यावर कोणी घालणार न्हाय."

तिघांनीही खाल्ले. तेव्हा कुठे हसू आलं.

* * *

ही बातमी बोर्लीच्या बाजारातून सुहासभाऊजींना लागली, आणि इथून पुढे वहिनींची खरी पंचाईत सुरू झाली.

संध्याकाळी ओटीवर भाऊजींचं लेक्चर झालं. मी मुंबईहून आणलेलं सामान द्यायला गेलो होतो, म्हणून मलाही ते फुकट ऐकायला मिळालं. "ती बाई रोज गोळी घेत होती. तरी परत आला. मग गोळीने केलं काय? आमच्या प्लांटमध्ये जे केमिकल काम देत नाही, ते आम्ही बंद करतो."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. "तुमच्या प्लांटमध्ये एक आग आटोक्यात आली नाही, म्हणून तुम्ही पाण्याचे सगळे पाइप विकले का?"

"वहिनी, हे सायन्स आहे," भाऊजी म्हणाले.

सासूबाई भाऊजींच्या बाजूच्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गाठ काढली, रिपोर्ट चांगला आला, बाई बरी झाली. मग बऱ्या माणसाला औषध कशाला? आणि गोळीचा त्रास तर त्यांना डोळ्यांनी दिसत होता. वहिनींच्या अंगातून मधेच वाफा निघायच्या. बसल्या जागी चेहरा लालबुंद, घामाने ब्लाउज ओला, श्वास जोरात, आणि थोड्या वेळाने पुन्हा सगळं शांत. लावणीच्या वेळी त्या दोनदा चिखलातून उठून बांधावर बसल्या, ते सासूबाईंनी गावभर केलं होतं. "गोली खाते नि बांधावर बसते. असलं कसलं औषध हाय?"

वहिनींनी माझ्या फोनवरून मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, वाफा गोळीमुळे येतात, त्या कमी करायला उपाय करू, पण गोळी सोडायची नाही. खालांच्या पेशी वेगळ्या, तुमच्या वेगळ्या. दडलेली पेशी आहे की नाही, हे गोळी बंद करून बघायची गोष्ट नाही. जागी व्हायची झाली, तर ती विचारून जागी होणार नाही.

वहिनींनी हे घरी सांगितलं. भाऊजी म्हणाले, "डॉक्टर असंच बोलणार. त्यांचं ते दुकान आहे."

आता मुद्दा असा, की त्या घरात सगळी औषधं भाऊजींच्या लोखंडी कपाटात. लहान मुलं आहेत, म्हणून पहिल्यापासून तशी पद्धत. भाऊजी रोज जेवणानंतर एक गोळी काढून द्यायचे. त्या दिवसापासून कपाटाची चावी त्यांच्या शर्टाच्या खिशात गेली. "मी अभ्यास करतोय. तोपर्यंत थांबू."

अभ्यास म्हणजे मोबाइलवरचे व्हिडिओ. एका व्हिडिओत टाय लावलेला माणूस म्हणाला, अमुक पाल्याच्या रसाने कॅन्सर पळतो. दुसऱ्यात बिनटायचा माणूस म्हणाला, त्याच रसाने किडनी जाते. भाऊजींचा कल टायवाल्याकडे होता.

दादाला फोन केला. दादा म्हणाला, सुहासला विचार.

मी वहिनींना एकटं गाठून, बोलायचं धाडस करून म्हटलं, मी म्हसळ्याहून गोळ्या आणून देतो, कोणाला कळणार नाही.

वहिनी म्हणाल्या, "आणशील रे. ठेवू कुठे? सासूबाई माझी उशीपण झाडतात. आणि चोरून घेतली तर रोज चोरून घ्यावी लागेल. जगायचं म्हणून मी एवढी वर्षं चोरी करू?"

मी मान हलवली आणि गाडीकडे वळलो. दिवस मात्र जात होते, आणि कपाट बंद होतं.

* * *

नवरात्र लागलं. आमचं ग्रामदेवीचं देऊळ एवढंसं, आणि दिवेलागणीच्या आरतीला माणसं त्याच्या दुप्पट. कापूर, धूप, ढोल. मी झांजा वाजवत होतो. झांजा वाजवणाऱ्याला कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मी दरवर्षी घेतो.

वहिनी पुढच्या बायकांत उभ्या होत्या. गोळी बंद झाली तरी ती अंगातून सावकाश जाते, म्हणून त्यांच्या वाफा थांबल्या नव्हत्या. आरती निम्म्यावर आली आणि त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला. मी ओळखलं, गाडीत ते किती वेळा बघितलेलं. कपाळावरून घाम ओघळायला लागला, कुंकू नाकापर्यंत आलं. श्वास जोरात. त्यांनी अंबाडा सोडला, मानेवरचे केस वर धरले आणि पदराने वारा घेत जागच्या जागी डोलायला लागल्या.

शेजारची बाई झटकन मागे सरली. "आली. आई आली."

ढोलवाल्याने हात वाढवला. माणसं बाजूला झाली. वहिनी एकट्याच मधे उरल्या.

आणि सगळ्यांच्या आधी आडवे कोण झाले? सुहासभाऊजी! शर्ट इस्त्रीचा, कपाळ फरशीला. "आई, आमचं काय चुकलं?"

वहिनींनी डोळे उघडले. ढोल थांबला. खोल आवाज आला.

"पंखा लाव."

देवळात पंखा आहे, पण नवरात्रात तो लावत नाहीत, अखंड दिवा विझेल म्हणून. भाऊजींनी उठून पळत जाऊन बटण दाबलं. गुरवाने दिव्याभोवती दोन्ही हात धरले, पण बंद कर म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

पंख्याखाली जरा वेळ गेला. मग सासूबाई हात जोडून पुढे आल्या. इतके दिवस गावभर बोलणारी बाई, पण त्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, माझी सून वाचंल ना गो?"

"तिचं औषध कोणी बंद केलं?"

भाऊजी फरशीकडे बघत म्हणाले, "मी, आई. अभ्यास चालू होता."

"घेऊन ये."

भाऊजी बाइकवर गेले आणि कपाटातली सगळी पिशवी घेऊन आले. पट्ट्या देवीसमोर ठेवल्या. गोळ्या कसल्या आहेत हे गुरवाला माहीत नव्हतं, पण समोर आलेल्या वस्तूला हळदकुंकू वाहायची त्याची सवय. त्याने प्रत्येक पट्टीला वाहिलं.

सासूबाईंनी पुन्हा हात जोडले. "किती वर्सं देऊ, आई?"

"मॅडम सांगतील तितकी."

एवढं बोलून वहिनी खाली बसल्या. कोणीतरी पाणी दिलं. आरतीचं उरलेलं कडवं म्हणून झालं.

तेव्हापासून जेवणं झाली की सासूबाई डोक्यावर पदर घेऊन वाटीत गोळी आणतात, वहिनींच्या हातावर ठेवतात, आणि ती गिळून होईपर्यंत समोर उभ्या राहतात. कपाटाची चावी देव्हाऱ्यात असते. भाऊजी आता आल्यागेल्याला सांगतात, की गोळीमागचं सायन्स त्यांना पहिल्यापासूनच पटलं होतं.

पुढच्या खेपेला खाला इंजेक्शनसाठी गाडीत होत्या. त्यांच्यापर्यंत सगळं पोचलेलं होतं. माणगाव मागे पडलं. मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, "सुनंदा, माझ्याशी खोटं बोलायचं न्हाय. त्या दिवशी अंगात आली व्हती का?"

मी गाडीचा वेग कमी केला.

वहिनी बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "आली होती, खाला. कोण होती, ते मी विचारलं नाही."